कोळ्याच्या घरातले कोळी

आपल्या भाषेतील ‘कोळी’ हा शब्द मोठा ऐसपैस आहे. छपराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा तो कोळी. आणि वांग्याची किंवा मिरचीची पाने निस्तेज होऊन त्यांच्या मागच्या अंगाला तांबूस धूळ बसल्यासारखी दिसू लागली, की शेतकरी म्हणतो तोही ‘लाल कोळी’च. ती धूळ नसतेच. तो असतो टाचणीच्या टोकाहून लहान अशा सजीवांचा समुदाय. इंग्रजीत त्यांना माइट म्हणतात. प्राणिशास्त्राने शेतकऱ्याच्या या नामकरणावर एका परीने शिक्कामोर्तबच केले आहे. सहा पायांचे ते कीटक. आणि कोळी, विंचू, गुराढोरांच्या अंगावरची गोचीड व हे माइट, हे सारे आठ पायांच्या अष्टपाद वर्गातले, म्हणजे एकमेकांचे भाऊबंद. शाळेच्या पुस्तकात वाचून विसरून जावी अशी ही गोष्ट. परंतु एका मुक्या जिवाचे मरण-जगणे तिच्यावर अवलंबून असल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले.

2023 च्या हिवाळ्यात मी लेकीकडे इंग्लंडमध्ये राहिले होते. माझ्या 14 वर्षांच्या नातवाने तेथे एक टॅरॅन्टुला पाळली आहे. हे नाव मूळचे दक्षिण इटलीतील टारान्टो या गावावरून पडलेले आणि तिकडच्या एका निराळ्याच कोळ्याचे; पुढे युरोपियनांनी अमेरिकेत तळहाताएवढे केसाळ कोळी पाहिले, तेव्हा ते त्यांनाही चिकटले. नातवाची टॅरॅन्टुला चिली देशातील, ‘चिलियन रोझ’ या नावाने विकल्या जाणाऱ्या जातीची. रंग काळसर तपकिरी, पाठीवर गुलाबी झाक, स्वभाव कमालीचा शांत. या जातीची मादी पंधरा-वीस वर्षे सहज जगते. नराला मात्र एवढे आयुष्य नसते. घरात तिला सगळे ‘मावशी’ म्हणतात. कामावर निघताना लेक दारातून ‘मावशीची वाटी भरून ठेव रे’ असे ओरडे, तेव्हा पहिले काही दिवस मी दचकत असे.

डिसेंबरातील एका सकाळी नातवाने माझ्या हाती भिंग दिले. “आजी, बघ ना, वाटीच्या कडेला पीठ सांडल्यासारखं दिसतंय. आणि ते चालतंय!” मी पाहिले. पांढुरके, गोलसर, संथपणे सरकणारे शेकडो कण. पेटीच्या काचेवर होते, नारळाच्या भुश्याच्या अंथरुणात होते, आणि दोन-चार मावशीच्या पायांच्या सांध्यांपाशीही दिसत होते. मावशीने तीन आठवडे अन्न घेतले नव्हते. पोर रडवेले झाले. हे किडे तिचे रक्त पीत आहेत अशी त्याची समजूत झाली आणि बागेतील कीड मारण्याच्या औषधाची फवारणी करायची बाटली तो घेऊनही आला.

त्याचा हात थांबवला तो त्याच्याच शाळेच्या पुस्तकाने. माइटचे पाय त्याने भिंगातून मोजले, आठ भरले. “म्हणजे हे मावशीचेच नातेवाईक!” असे तो म्हणाला, आणि मग पुढचा विचार आपोआप आला. माइटच्या मज्जातंतूंवर जे विष चालेल, ते कोळ्याच्या मज्जातंतूंवर का चालणार नाही? चालतेच. किंबहुना कुत्र्या-मांजरांच्या मानेवर पिसवांसाठी जे थेंब टाकतात, त्यांचा हात न धुता पेटीत घातला तरी टॅरॅन्टुला दगावू शकते. पिकावरचा लाल कोळी मारताना झाड वाचते, कारण झाड त्या कुळातले नाही. येथे यजमान आणि आगंतुक एकाच कुळातले, म्हणून औषधाची वाटच बंद. बाटली पुन्हा बागेच्या खोपटात गेली.

मग उरते काय? उरतो एक साधा प्रश्न: हे आले कशावर जगायला? आमच्या बडोद्याच्या घरात वर्षाचा गहू एकदम भरण्याची रीत होती. तो आधी कडक उन्हात वाळवायचा, मग त्याला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळायचे, आणि कोरड्या कोठीत कडुनिंबाच्या पाल्याचे थर देऊन भरायचा. ‘ओला हात कोठीत घालायचा नाही’ हा सासूबाईंचा दंडक. त्यामागचे शास्त्र त्यांना कोणी शिकवले नव्हते. पण शास्त्र त्यांच्याच बाजूचे आहे. धान्यातील ओलावा 12 टक्क्यांच्या आत असेल, तर धान्यातले माइट त्यात वाढू शकत नाहीत. त्यांची कातडी इतकी पातळ, की अंगातले पाणी टिकवण्यासाठी भोवतालची हवाच दमट असावी लागते. ऊब व दमटपणा मिळाला, की दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी अंडी घालू लागते.

मावशीच्या पेटीत नेमके हेच घडले होते. जेथून तिला आणले, त्या दुकानाने दिलेल्या कागदावर ‘रोज पाणी शिंपडावे’ असे लिहिले होते, आणि मुलगा ते इमानाने करीत होता. चिलीतील कोरड्या, खुरट्या झुडपांच्या मुलखातल्या या जिवाला ती ओल नको होती. त्यात भर म्हणजे अंथरुणाखाली खाऊन टाकलेल्या रातकिड्यांचे अवशेष. हे पांढरे माइट सडक्यावर आणि बुरशीवर पोसणारे. रक्ताशी त्यांना कर्तव्य नव्हते. तथापि संख्या फार वाढली, तर ते कोळ्याच्या तोंडाभोवती आणि पोटाच्या खालच्या अंगाला असलेल्या पुस्तकासारख्या घड्यांच्या फुप्फुसांच्या फटींपाशी गोळा होतात, आणि तेथे त्यांची गर्दी त्रासदायक ठरते.

भिंगाखाली दिसणारे सगळेच बारीक जीव सारखे नसतात. बोट जवळ नेताच जे टुणकन उडी मारतात, ते माइट नव्हेत. बुरशी खाऊन पेटी स्वच्छ राखणारे ते निरुपद्रवी स्प्रिंगटेल होत. तपकिरी, चपळ, इकडून तिकडे धावणारे माइट बहुधा शिकारी असतात आणि पांढऱ्यांनाच खातात. चिलटांसारख्या कुबडाच्या लहान माश्या दिसल्या, तर मात्र उष्टे तत्काळ शोधावे. त्या सडक्या अन्नात अंडी घालतात. आणि टॅरॅन्टुलाच्या तोंडाशी पांढरा चिकट लेप दिसून तिने अन्न सोडले असेल, तर तो सूक्ष्म कृमींचा रोग असू शकतो. तो बहुतेक वेळा जीव घेऊनच जातो आणि शेजारच्या पेट्यांतही पसरू शकतो. म्हणून ती पेटी लगेच वेगळी काढावी आणि जाणत्या पशुवैद्याला दाखवावी. मावशीचे तोंड स्वच्छ होते. आम्हां दोघांचा जीव भांड्यात पडला.

पुढचे काम दोन तासांचे होते. तिला हाताने उचलायचे नाही, हा पहिला नियम. तिचे पोट इतके नाजूक, की हातभर उंचीवरून पडली तरी फुटून मरेल, आणि चिडलीच तर पोटावरचे केस पायांनी झाडते, ते डोळ्यांत गेल्यास फार आग होते. नातवाने तिच्यावर अलगद एक पारदर्शक डबा पालथा घातला आणि खालून जाड पुठ्ठा सरकवला. जुने अंथरूण पिशवीत बांधून घराबाहेर गेले. लपण्याचे लाकूड उकळत्या पाण्यातून काढले. पेटी साबण न लावता कढत पाण्याने धुऊन पूर्ण वाळवली. नवा भुसा कोरडा घातला. पाण्याची वाटी तेवढी ठेवली, कारण कोरड्या मुलखातल्या जिवालाही पिण्याला पाणी हवेच. झाकणाला वारा खेळेल अशी जाळी बसवली. पायांवरचे माइट ओलसर, मऊ कुंचल्याने टिपले. फुप्फुसांच्या फटींना मात्र हात लावला नाही. कोपऱ्यात ओल्या कापसाचा एक बोळा ठेवला. चुकलेमाकलेले माइट ओलीच्या ओढीने रात्री त्यावर जमत आणि सकाळी बोळ्यासकट बाहेर जात.

रातकिड्यांचा डबाही तसाच धुतला. याला कारण आहे. काही जातींचे माइट दिवस वाईट आले, की तोंडच नसलेल्या एका टणक अवस्थेत जातात आणि एखाद्या कीटकाच्या अंगाला चिकटून नव्या घरी जातात. म्हणून एकदा झाडून भागत नाही. उष्टे 24 तासांत काढण्याची शिस्त कायमची लागते. ज्या टॅरॅन्टुला दमट रानांतल्या आहेत, त्यांची पेटी अशी वाळवता येत नाही. तेथे जाणकार मुद्दाम स्प्रिंगटेल व शिकारी माइट सोडतात. भक्ष्य संपले, की तेही बहुधा आपसूक कमी होतात.

यानंतर उरले ते वाट पाहणे, आणि तेच 14 वर्षांच्या मुलाला सर्वांत अवघड. मावशी अजूनही खात नव्हती. पोटावरचा उघडा डाग काळा पडत चालला होता. हे कात टाकण्याचे लक्षण आहे असे तो पुस्तकातून मला वाचून दाखवी आणि दर तासाला पेटीकडे जाऊन येई. जानेवारीच्या मध्यावर ती एका रात्री उताणी पडली. पाहणाऱ्याला वाटावे, संपले. परंतु टॅरॅन्टुला मरते तेव्हा बहुधा उताणी होत नाही. उभ्याउभ्याच पाय पोटाखाली मुडपून घेते. उताणी झालेली कात टाकत असते, आणि त्या वेळी तिला हलवणे वा मदतीसाठी बोट लावणे म्हणजे तिला मारणे. आम्ही दिवा मंद केला आणि बसून राहिलो. काही तासांनी जुन्या कातडीतून एकेक पाय बाहेर आला. सुळे, तोंड, फुप्फुसांचे अस्तर यांसह सगळी कात बाजूला पडली होती. सकाळी भिंगाने पाहिले, तर तिच्या सांध्यात वाळून गेलेले दोन माइट तसेच अडकलेले होते. मावशी मात्र नव्या, मऊ, तजेलदार अंगाने शेजारी उभी होती. कवच टणक होईपर्यंत, म्हणजे जवळपास दोन आठवडे, तिला खायला द्यायचे नव्हते. त्या काळात एखादा जिवंत रातकिडाही तिला चावून जखमी करू शकला असता.

एप्रिलात मी बडोद्याला परतले, तो गहू भरण्याचे दिवस होते. सून आता वर्षाऐवजी तीन महिन्यांचाच भरते; बाकी रीत तीच. यंदा तिने विचारले, बाजारात धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या मिळतात, आणायच्या का? मी म्हटले, आधी दोन दिवस कडक ऊन दाखव, आणि कोठीच्या तळाशी मागचे दाणे राहिलेत का, ते पाहा. ते राहिले होते. आम्ही कोठी आडवी करून झाडली, उन्हात ठेवली, आणि गोळ्या आणल्या नाहीत.