बोडियमचा भुईकोट

टेंटरडनहून निघालेली वाफेची गाडी बोडियमला संपते. स्टेशनाबाहेर पडून रॉदर नदीवरचा पूल ओलांडला, की ससेक्सच्या हिरव्या उतारावर किल्ला दिसतो. नगरचा किंवा परांड्याचा खंदक तटाला बिलगून फिरतो. इथे मात्र रुंद तळ्याच्या मधोमधच कोट उभा केला आहे. चार कोपऱ्यांना गोल बुरूज, प्रत्येक भिंतीच्या मध्याला एक चौकोनी बांधकाम. बालेकिल्ला नाहीच.

१३७७ मध्ये फ्रेंचांनी जवळचं राय बंदर जाळलं. किनाऱ्यावर धास्ती होती. सर एडवर्ड डॅलिंगरिज फ्रान्समध्ये लढून पैसा कमावून आलेला, बोडियमची जहागीर बायकोच्या माहेरची. १३८५ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाने त्याला तटबंदीचा परवाना दिला, कारण परचक्रापासून मुलखाचं रक्षण.

आज आपण उत्तरेकडून सरळ दरवाजाशी जातो. मूळचा लाकडी पूल पश्चिम काठावरून निघून पाण्यातल्या अष्टकोनी बेटावर येई आणि तिथे काटकोनात वळे. चालून येणाऱ्याची उजवी, ढाल नसलेली बाजू तेवढा वेळ तटासमोर उघडी पडे. ही योजना पाहून मी त्या बेटावर बराच वेळ थांबलो. दरवाजात लोखंडी पट्ट्या मारलेली ओकची जाळी अजून वर खाचेत लटकते आहे. तिच्या टोकदार दातांखालून जाताना मान आपोआप वर होते. पुढे देवडीच्या कमानी छतात, दगडी फासळ्या जिथे मिळतात तिथे, भोकं ठेवली आहेत: वरून खालच्या शत्रूवर मारा करायला.

आत मात्र वेगळंच चित्र. छप्परं गेली, पण भिंतीत एकावर एक चुली दिसतात. २८ शौचकूप थेट खंदकात उतरणारे. प्रार्थनाघराची मोठी खिडकी तर बाहेरच्या तटातच फोडली आहे. उताराच्या बाजूला पाणी मातीच्या बांधाने अडवलंय; तो फोडला तर खंदक रिकामा. म्हणून काही अभ्यासक याला लढाऊ किल्ला मानतच नाहीत, श्रीमंताचा दिमाख म्हणतात. मला ही विभागणी पटत नाही. आपल्याकडचे गढीवाले देशमुखही बुरूज बांधत, ते धाकासाठी आणि मानासाठीही. डॅलिंगरिजला दोन्ही हवं होतं.

सतराव्या शतकातल्या यादवीनंतर आतला वाडा मोडला गेला. पुढे किल्लाच तोडून त्याचा दगड विकला जाण्याच्या बेतात असताना १८२९ मध्ये जॉन फुलर याने तो विकत घेऊन वाचवला. आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात मालक झाला लॉर्ड कर्झन! बंगालच्या फाळणीचा कर्झन. पण १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदाही त्याचाच. इथे त्याने खंदक उपसून घेतला, गाळातून जुन्या पुलांचे अवशेष शोधले, भिंती सावरल्या, बोडियमवर पुस्तक लिहिलं. फाळणीचा राग मनातून जात नाही, तरी हे काम त्याने जीव ओतून केलं हे मी मोकळेपणाने मान्य करतो. १९२५ मध्ये तो वारला आणि त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे किल्ला नॅशनल ट्रस्टकडे गेला.