पाय सरकतो

ताप उतरल्यावर पुन्हा व्हिडिओ गेमच्या माझ्या मॉडमधल्या त्या दृश्याला हात घातला. खेळाचा नायक मुरबे गावाच्या किनाऱ्यावर होडीतून उतरतो, एवढंच. पण ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा पाय चिखलात रुतत नाही, सरकतो. सेकंदाला 24 चौकटी. गुडघा नीट वाकवला की कंबर निसटते. म्हणून खाडीवर जाऊन बघत बसलो. टोपली घेऊन उतरणारी बाई आधी बोटांनी चिखल चाचपते, मग अंगाचा भार सोडते. तो भार माझ्या बाहुल्यात कुठून आणू? दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपून पडद्यावर वाढवलं. त्यांचं रोप निदान आपणहून वाढत होतं! खेळणारा बहुधा बटण दाबून माझं दृश्य ओलांडणारच. तरी टाच पुन्हा उचलली आहे. कंबरेचं उद्या बघू.