फोन आमचा, चावी कुणाची?

आमच्या वस्तीतल्या वाचनालयाचे एक मेल खाते होते. नऊ वर्षांचे जयंतीचे फोटो, सभांची इतिवृत्ते, मुलांच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या प्रती, सगळे त्यातच. गेल्या वर्षी एका सकाळी ते बंद झाले. नियमभंग झाला म्हणे. कोणत्या नियमाचा, हे सांगायला माणूस नाही. दाद मागितली तर काही मिनिटांत यंत्राचे उत्तर आले की निर्णय अंतिम आहे. तहसील कचेरीत निदान बाकावर बसून राहता येते, वर अपील करता येते. इथे दारच नाही, तर धरणे कुठे धरणार?

तेव्हा आम्ही तिघांनी ठरवले की बड्या कंपन्यांच्या सेवांवाचून स्मार्टफोन चालवून पाहायचा. त्याला आता आठ महिने झाले.

आधी एक गैरसमज काढून टाकू. अँड्रॉइड म्हणजे गूगल नव्हे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सवर उभा आहे आणि त्याचा मूळ कोड कुणालाही घेता येतो. गूगलच्या मालकीचे आणि बंद कुलपातले आहे ते त्यावर बसवलेले प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस. फोन बनवणाऱ्यांवर ही ॲप्स आधीच भरून देण्याची सक्ती आणि असल्याच इतर अटींबद्दल आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७ कोटींहून अधिक दंड ठोठावला. म्हणजे ही तक्रार काही चार चळवळ्यांची कुरकुर नाही.

आम्ही एका जुन्या फोनवर लिनिएजओएस चढवली. ती फुकट आहे, जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात. पूर्ण रविवार गेला. बूटलोडर उघडला की फोनमधले सगळे पुसले जाते, हे वाचूनही आम्ही विसरलो आणि दोनशेच्या वर नंबर गेले. करणार असाल तर नंबर आधी वहीत उतरवा. शिवाय बाजारातल्या कित्येक स्वस्त फोनचे बूटलोडर कंपन्या उघडूच देत नाहीत, म्हणून फोन घेण्याआधी चौकशी करा. सुरक्षेसाठी नावाजलेली ग्राफीनओएस आजवर चालत आली ती गूगलच्याच महागड्या पिक्सेल फोनवर. गूगलपासून सुटायचे तर आधी गूगलचाच फोन विकत घ्या! हा मार्ग आमच्या खिशाबाहेरचा.

बाकी बरेच जमले. ॲप्ससाठी एफ-ड्रॉइड हे २०१० पासून चालणारे भांडार आहे. तिथे फक्त मुक्त कोडची ॲप्स मिळतात, खाते उघडावे लागत नाही. नकाशासाठी ऑरगॅनिक मॅप्स घेतले. ते ओपनस्ट्रीटमॅपवर चालते, इंटरनेटशिवायही रस्ता दाखवते. त्यात आमची वस्ती नुसती मोकळी जागा होती. दोन संध्याकाळी बसून गल्ल्या, बुद्धविहार, पाण्याची टाकी आम्हीच भरली. हे काम मात्र कोणीही करावे, फोन कुठलाही असो.

फसले ते बँकेच्या ॲपवर. उघडताच म्हणाले, हा फोन सुरक्षित नाही. ज्या फोनवर हेरगिरीचा सर्वांत कमी पसारा, तोच असुरक्षित! आता पैसे पाठवायला *९९# लावतो. चालते, पण रांगेत मागचा माणूस खाकरायला लागतो.

आणि व्हॉट्सॲप? ते आम्ही सोडलेले नाही. बचतगटाच्या बायका तिथे आहेत, मोर्च्याचा निरोप तिथे येतो. त्याची फाइल त्याच्याच संकेतस्थळावरून घेता येते, प्ले स्टोअर लागत नाही. यावर शहरातले एक तंत्रज्ञ मित्र चिडले. म्हणाले, मग उपयोग काय, बाटलाच की तुमचा फोन! हा बाटण्याचा हिशेब आम्हाला चांगला ओळखीचा आहे. शिवले की विटाळ आणि नाही शिवले की पवित्र, या भाषेत आम्ही फोनचाही विचार करणार नाही. प्रश्न सोवळ्याचा नाही. उद्या दार बंद झाले तर आपले काय काय आत अडकेल, एवढाच आहे. व्हॉट्सॲप उद्या बंद पडले तर निरोप थांबतील, पण इतिवृत्ते जाणार नाहीत. बाबासाहेबांनी पत्रे काढली आणि पुढे भारतभूषण छापखानाही उभा केला. छापखाना परक्याचा असला की काय छापायचे आणि काय नाही, हेही परकाच ठरवतो.

'आपल्याकडे लपवण्यासारखे आहे काय?' असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो की खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितले आहे. अधिकार वापरायला आधी गुन्हेगार असावे लागत नाही. फोनवर टिणटिण वाजणाऱ्या सूचनासुद्धा गूगल किंवा ॲपलच्या सर्व्हरवरून येतात, आणि सरकारे ती माहिती मागतात, हे अमेरिकेचे सिनेटर रॉन वायडेन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये पत्र लिहून उघड केले. चळवळीतल्या माणसाने यावर थोडा विचार करावा.

वाचनालयाचे कागद आता दोन हार्ड डिस्कवर आहेत. एक कपाटात, दुसरी आमच्यातल्या एकीच्या घरी. गेलेल्या नऊ वर्षांच्या फोटोंपैकी लोकांच्या फोनमधून शोधून शोधून निम्मे परत मिळाले. २०१९ च्या जयंतीचा एकही नाही. कुणाकडे असतील तर वाचनालयात आणून द्या. संध्याकाळी सातनंतर आम्ही असतो.