आधी पोटातले, मग पाठीवरचे

जुनी गाडी पुन्हा चालू करायची म्हटली, की घरातील प्रत्येकाला पहिले काम वेगळेच दिसते. कुणाला रंग आठवतो, कुणाला सीट, कुणाला हॉर्न. पैसा मात्र तेवढाच असतो. तो कोणत्या कामावर आधी गेला, यावरच गाडी रस्त्यावर येणार की पुन्हा जिन्याखाली जाणार, हे ठरते. म्हणून आपल्यासारख्या मोजक्या पगारात संसार करणाऱ्या वाचकांसाठी आमच्या घरचा अनुभव लिहीत आहे.

बजाज चेतक 1972 साली बाजारात आली. आमच्या वडिलांनी ती 1991 साली सोसायटीचे कर्ज काढून घेतली. दर रविवारी ते ती स्वतः धूत. 2020 साली ते गेले आणि गाडी जिन्याखाली उभी राहिली. गेल्या वर्षी पुतण्याने वायरमनचे काम धरले. अवजारांची पिशवी घेऊन दोन बस बदलताना त्याची सकाळची कामे हातची जात होती. वहिनींनी भिशीचे 18,000 रुपये पुढे केले. त्यात नवी गाडी येत नव्हती.

आईचे म्हणणे, "आधी रंग द्या. ह्यांची गाडी अशी गंजकी रस्त्यावर न्यायची नाही." पुतण्याला आधी इंजिन खोलायचे होते. मी तीस वर्षे कारखान्यात फिटर होतो. मी म्हणालो, ज्या कामाला खर्च कमी आणि ज्यातून कळते जास्त, ते पहिले.

असे पहिले काम म्हणजे कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. वडिलांनी ते वेळच्या वेळी केले होते. 2021 ची मुदत मात्र त्यांच्या पश्चात उलटून गेली. वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म 31 आणि नूतनीकरणासाठी फॉर्म 25 लागतो. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती हे सारे आधी गोळा केले. कागद होणार नसतील, तर गाडीवर एक रुपयाही घालण्यात अर्थ नाही. चेसिस नंबरही पुसून नीट वाचून घेतला. तो गंजला किंवा रंगाआधीच्या घासकामात गेला, तर तपासणीत अडचण येते.

दुसरे काम इंजिनची परीक्षा. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडले, रात्रभर ठेवले आणि सकाळी किक हातानेच हळूहळू दाबली. जाम इंजिनला पायाने जोर लावला, तर सिलिंडरला ओरखडे पडतात. आमचे फिरले. मग टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटरचे जेट व पॉइंट साफ केले. लिटरला 20 मिली टूटी ऑइल घातलेले ताजे पेट्रोल भरले. गाडी चालू झाली तेव्हा चाळीतली पोरे टाळ्या वाजवू लागली. पण पांढरा धूर थांबेना. आत घातलेले ऑइल जळून गेल्यावरही धूर राहिला, म्हणजे क्रँकचा ऑइल सील कडक होऊन गिअरचे ऑइल आत ओढले जात होते. सील बदलायला इंजिन पूर्ण खोलावे लागते.

इथे आम्ही थांबलो आणि वहिनींसमोर वहीत हिशेब मांडला. इंजिन, ब्रेक आणि टायर धरले तर रंगाला काही उरत नव्हते. आई काही बोलली नाही, उठून आत गेली. तिला समजावण्याचे काम वहिनींनी केले. त्या म्हणाल्या, "आई, पोरगं सुखरूप घरी आलं पाहिजे, एवढंच बघा."

इंजिन उतरवलेलेच होते, म्हणून त्याच वेळी पत्र्याचे काम उरकले. पायाखालची मॅट उचलली तर खाली पत्रा चाळणीसारखा झाला होता. मागच्या ब्रेकचे पेडल याच पत्र्यावर बसते, तेव्हा हे काम शोभेचे नव्हते. वेल्डिंगआधी टाकी आणि बॅटरी बाहेर काढलीच पाहिजे. रिकाम्या टाकीतल्या वाफेचाही भडका उडतो. जोडावर लगेच रेड ऑक्साइड मारला. मग इंजिन बसवले आणि ब्रेकचे लायनर, सगळ्या केबल्स व दोन्ही टायर नवे घातले. जुन्या टायरची नक्षी चांगली दिसत होती, पण बाजूला चिरा होत्या. या स्कूटरची रिम दोन भागांची असते. हवा पूर्ण काढल्याशिवाय तिचे जोडनट सोडू नयेत. हे सारे झाल्यावर चाळीच्या अंगणात आधी गाडी थांबते का ते पाहिले, मग पळते कशी ते. शेवटी दिवे, हॉर्न आणि आर.टी.ओ.ची तपासणी.

आज पुतण्या त्याच गाडीवर कामाला जातो. पत्र्याचा खालचा भाग तांबडा, वरचा रंग उडालेला, अशीच ती आहे. आई रविवारी त्याच्याकडून ती धुऊन घेते. रंगासाठी वहिनींनी वेगळी भिशी लावली आहे. रंग मूळचाच द्यायचा ठरला आहे, कारण बदलला तर आर.सी.वर तशी नोंद करावी लागते. आणि आईलाही दुसरा चालणार नाही.