एका काचेची खरेदी

पन्नाशी उलटल्यावर मनुष्याला जो छंद लागतो तो बहुधा खर्चाचा असतो. आमच्या एका स्नेह्यांनीं सतार घेतली, दुसऱ्यांनीं गच्चीवर गुलाब लावले; आम्ही कॅमेरा घेतला, तोहि दुसऱ्यानें वापरलेला, आंत आरसा असलेला जुन्या धाटणीचा. कॅमेरा घेणें हा या खर्चाचा शेवट नसून श्रीगणेशा आहे, हें विकणारा आधीं सांगत नाहीं. तथापि गेल्या वर्षीं आम्ही जी एक काच विकत घेतली ती छंदापायीं नव्हे, आजीपायीं.

वाईचें आमचें वडिलोपार्जित घर दिवाळीनंतर पाडावयाचें ठरलें होतें. भांडीं, पाट, फडताळें यांच्या वांटण्या निमूटपणें झाल्या. अडलें तें माजघरांतल्या एका तसबिरीपाशीं. १९३८ सालीं काढलेला आजीचा तो एकुलता एक फोटो. आम्ही तिला पाहिलेलें नाहीं. आमच्या जन्मापूर्वींच ती गेली. फोटो एक आणि नातवंडें चार! शेवटीं असें ठरलें कीं, त्याच्या प्रती काढून प्रत्येकानें एकेक घ्यावी आणि मूळ तसबीर अक्काकडे, म्हणजे आमच्या थोरल्या चुलत बहिणीकडे, जावी. परंतु कोणत्या तरी पावसाळ्यांत भिंतीला ओल येऊन फोटोचा कागद काचेला घट्ट चिकटला होता. तसबिरी करणाऱ्या कारागिरानें चौकटीचे दोन खिळे उचकून पाहिले आणि हात आंखडता घेतला. "काच काढली, तर बाईंचा चेहरा काचेबरोबर येईल," तो म्हणाला. तेव्हां काचेवरूनच फोटो घेणें प्राप्त झालें. आम्ही तो घेतलाहि. त्यांत आजीच्या कपाळावर समोरच्या खिडकीचे गज उमटले होते, आणि जेथें तिची मोहनमाळ दिसावयाची तेथें कॅमेरा डोळ्याला लावून उभे असलेले आम्हीच होतों! तसबीर उतरवून अंगणांत नेली, तर खिडकीच्या जागीं आभाळ आलें.

आमच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनीं पोलरायझिंग फिल्टर घेण्याचा सल्ला दिला, आणि चहा निवेपर्यंत त्यामागचें शास्त्रहि सांगितलें. साधा प्रकाश सर्व दिशांना कंप पावत येतो. पण काचेवरून किंवा पाण्यावरून तिरका उसळलेला प्रकाश बव्हंशीं एकाच दिशेनें कंप पावतो. फिल्टर फिरवून नेमकी तेवढी दिशा बंद केली कीं चकाकी नाहींशी होते आणि काचेमागचें दिसूं लागतें. १८०८ सालीं पॅरिसमध्यें मालुस नांवाच्या फ्रेंच लष्करी इंजिनिअरानें लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर पडलेलें मावळत्या सूर्याचें तेज आइसलँड स्पारच्या स्फटिकांतून पाहिलें. स्फटिक फिरवितां त्यांतल्या दोन प्रतिमांपैकीं एक मंद होत गेली, आणि परावर्तित प्रकाशाचा हा गुण त्याच्या ध्यानीं आला. पुढें एडविन लँड या अमेरिकन तरुणानें १९२९ सालीं सूक्ष्म स्फटिक बसविलेल्या पातळ पटलाच्या पेटंटसाठीं अर्ज केला. तेव्हांपासून स्फटिकाचें काम पटल करूं लागलें. आमच्यासारख्याच्या ऐपतींत ही वस्तु आली ती त्या पटलामुळें.

ऐपतीचा प्रश्न मात्र तेवढ्यानें सुटला नाहीं. चिरंजीव बंगळुरास नोकरीला असतात. "बाबा, घ्यायचा तर चांगला जर्मन घ्या, स्वस्तांतला घ्याल आणि दोनदां घ्याल," असें त्यांनीं दूरध्वनीवरून बजावलें. आम्ही मुंबईस बोराबाजारांत गेलों. दुकानदारानें तीन डब्या पुढें मांडल्या: एक पांचशे रुपयांची, एक दोन हजारांची आणि एक नऊ हजारांची. दिसावयास तिन्ही फिल्टर सारखेच काळसर. कांदे निवडून घेणाऱ्या माणसाला नऊ हजारांची वस्तु नुसत्या नांवावर कशी घेववेल? सहकाऱ्यांनीं शिकविलेल्या परीक्षा आम्ही तेथेंच सुरू केल्या.

पहिली परीक्षा आरशाची. आमच्या कॅमेऱ्यांतील आरसा अर्धवट पारदर्शक असतो. फोकस साधणें व प्रकाश मोजणें हीं कामें त्याच्या आधारें चालतात, आणि साध्या लीनिअर फिल्टरनें तीं बिघडूं शकतात. म्हणून अशा कॅमेऱ्याला सर्क्युलर जातीचा फिल्टर लागतो. त्यांत एका दिशेचा झालेला प्रकाश मागच्या बाजूस पुनः मिसळून टाकणारा आणखी एक थर असतो. (ज्यांच्या कॅमेऱ्यांत आरसाच नाहीं, त्यांनीं स्वस्त लीनिअर खुशाल घ्यावा.) फिल्टरची आट्यांची बाजू आरशाकडे करून, फिल्टरमधूनच त्याचें आरशांतील प्रतिबिंब पाहावें. तें काळेंकुट्ट दिसलें आणि फिल्टर उलटा धरतांच उजळलें, तर तो सर्क्युलर. तिन्ही उतरले. दुसरी परीक्षा दुकानदाराच्या संगणकाच्या पडद्यावर झाली. फिल्टरची पुढली बाजू पडद्याकडे धरून रिंग फिरवूं लागलों. दोन हजारांचा व नऊ हजारांचा पडदा काळा करून मोकळे झाले. पांचशेंचा जांभळ्यापाशींच थबकला. पांढऱ्या कागदावर ठेवला, तर कागद पिवळा दिसला, आणि त्याची रिंग जुन्या दाराच्या कडीसारखी खुळखुळत होती. तो बाद झाला. उरलेल्या दोहोंत फरक होता तो मुख्यत्वें काचेवरच्या लेपाचा व कड्याच्या धातूचा. महागाच्या काचेवर पाण्याचा थेंब ठरत नव्हता, बोटाचा ठसा एका पुसण्यांत जात होता. हे गुण खरे, पण माजघरांत पाऊस पडत नाहीं. आम्ही दोन हजारांचा घेतला, आणि तोहि ६७ मिलिमीटरचा. ५८ मिलिमीटरच्या लहान भिंगासाठीं एक जोडकडें घेतलें, म्हणजे दुसरा फिल्टर नको. दुकानदारानें आमच्याकडे पाहून एक सुस्कारा सोडला. तो सुटकेचा असावा.

वाईस येऊन तिपाई मांडली. हा फिल्टर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो आणि माजघर आधींच अंधारें. तसबिरीसमोर नीट उभें राहून रिंग फिरविली. कांहीं झालें नाहीं. पुनः फिरविली. गज जागच्या जागीं! चिरंजीवांचे शब्द आठवले. लाजत सहकाऱ्यांस दूरध्वनि केला, तेव्हां ते म्हणाले, "समोर कशाला उभे राहतां? सरळ परतणाऱ्या प्रकाशावर तो नऊ हजारांचाहि चालणार नाहीं. काचेच्या लंबाशीं छप्पन्न अंशांच्या आसपास या." एवढें तिरकें जाववेना, म्हणून पंचेचाळिसांवर गेलों. खिडकी गेली, पण तिच्या जागीं चौकाचें दार आलें. रिंग फिरविली, आणि तें दार असें विरघळत गेलें कीं मागें उभ्या असलेल्या अक्काच्या तोंडून "अगबाई!" निघालें. मोहनमाळेचे मणी मोजतां येत होते.

मात्र फोटो आला तो तिरका. चौकट एका बाजूस उंच, दुसऱ्या बाजूस ठेंगणी. संगणकावर ती सरळ करूं गेलों तर जवळचा गाल स्वच्छ आणि दूरचा पुसट. सारी खटपट पायरीवर बसून पाहणाऱ्या काकू अखेर म्हणाल्या, "अरे बाळ, खिडकी लाव आणि तुझ्या मागें काळी घोंगडी धरायला सांग कुणाला तरी." दोघां भावांनीं घोंगडी धरली, आम्ही तिच्या भोकांतून भिंग बाहेर काढलें, फिल्टर काढून खिशांत ठेवला, आणि समोरून फोटो घेतला. काळ्याचें प्रतिबिंब दिसतें कुठें? आजी सरळ, स्वच्छ आली. चौघांच्या घरीं आज आहे ती हीच प्रत.

त्या संध्याकाळीं फिल्टर घेऊन आम्ही घाटावर गेलों आणि कृष्णेच्या पाण्याखालच्या दोन पायऱ्या मिळविल्या, म्हणून दोन हजारांचें दुःख फारसें उरलें नाहीं. चिरंजीवांना घोंगडीची गोष्ट अद्याप सांगितलेली नाहीं.

तिरका फोटो आम्ही कोणास दिला नाहीं. लहानपणीं मे महिन्याच्या सुटींत आम्ही भावंडें माजघरांत ओळीनें निजत असूं. आमची जागा कोपऱ्यांत, उखळाशेजारीं असे, आणि दुपारीं झोंप येत नसली म्हणजे तेथून आजीची तसबीर अशीच दिसे: एका कडेनें, जवळचा गाल उजळ, दूरचा अंधारांत.