वाजेल तिथं खणायचं

सुभेदार मामांनी जुन्या मेटल डिटेक्टरचे पैसे माझ्याकडून घेतले नाहीत. अट घातली. "एक उन्हाळा बापाच्या रानात फिरायचं. वाजंल तिथं खणायचं. एक बी आवाज सोडायचा नाही. मग मशीन तुझं." पैसे मागितले असते तर स्वस्तात सुटलो असतो, हे मला वैशाखात कळलं. कर्जतचं काळं रान त्या दिवसांत भेगाळून असं टणक होतं, की कुदळीच्या दांड्यातून झिणझिण्या खांद्यापर्यंत येतात.

मामा सख्खे नव्हेत, आईच्या माहेरच्या गावचे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातून, निवृत्त होऊन परतले होते. आमच्या नगर जिल्ह्यात लष्कर म्हटलं की लोकांना रणगाडे आठवतात, कारण आर्मर्ड कोअरचं केंद्र नगरला. मामा मात्र रणगाड्यांच्या पुढे, खाली मान घालून चालणाऱ्यांतले. 2001-02 च्या ऑपरेशन पराक्रमात सरहद्दीवर सुरुंग पेरले गेले. ते परत काढायच्या कामावर ते होते. त्याबद्दल फार बोलत नसत. बोलत ते राम राघोबा राणे यांच्याबद्दल. राणे याच बॉम्बे सॅपर्सचे. 1948 च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि आडवे पाडलेले वृक्ष हटवत, जखमी असूनही, त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीरचक्र मिळवलं. "सगळ्यात पुढं इंजिनिअर, मग रणगाडा," हे सांगताना मामांची मान ताठ व्हायची.

मशीन त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेलं. पेटी शाबूत, कॉइलचा पत्ता नाही. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, म्हणून ते माझ्याकडे आले. मी नेहमीच्या सवयीनं इनॅमलची तांब्याची तार काढली आणि वेढे घट्ट बसवून वार्निश मारायची तयारी केली. मामांनी हात धरला. फौजेच्या वर्कशॉपमधल्या, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका ईएमईवाल्यानं त्यांना कधीतरी समजावलेलं होतं: इथं वेढे एकमेकांना चिकटवायचे नसतात. दोन वेढ्यांमध्ये जेवढं कमी अंतर तेवढी त्यांच्यातली धारिता जास्त, आणि तेवढी कॉइल शांत व्हायला उशीर. म्हणून जाड प्लास्टिकच्या आवरणाची तार घ्यायची. साधारण पाव मीटर व्यास, वीस-पंचवीस वेढे, आणि टोकांना समांतर एक रेझिस्टर, कॉइलची थरथर मारायला. पंपाच्या मोटारी बांधणाऱ्या माणसाला एवढी छोटी गुंडाळी खेळण्यासारखी वाटते. पण नेमका रेझिस्टर सापडेपर्यंत त्या खेळण्यानं माझा घाम काढला.

पल्स इंडक्शन म्हणजे काय, हे मामांनी विहिरीच्या कठड्यावर बसून सांगितलं. विहिरीत हाक मारायची आणि आपण गप्प बसायचं, तरच घुमलेला आवाज कानावर येतो. हे मशीन तेच करतं. कॉइलमधून विजेचा ठोका सोडतं, झटक्यात बंद करतं, काही मायक्रोसेकंद थांबतं आणि मग ऐकतं. खाली धातू असेल तर त्यात उठलेले भोवरी प्रवाह ठोका थांबल्यावरही क्षणभर टिकतात, तीच हाक. सततच्या लहरीवर चालणारी दुसऱ्या जातीची यंत्रं आमच्या रानात गोंधळतात, कारण काळ्या कातळातून झिजून आलेल्या या मातीत चुंबकीय लोहखनिजं भरलेली. ठोक्याचं यंत्र त्यातला बराचसा गोंगाट चुकवतं. पण वीटभट्टीच्या जुन्या जागेवर तेही फसतं. भाजलेली माती रिकामीच बोलते.

या यंत्राचा दोष म्हणा की स्वभाव म्हणा, ते लोखंड आणि सोनं वेगळं करत नाही. सगळ्यांना सारखाच आवाज. म्हणूनच मामांची अट होती. अंगणात त्यांनी माझ्याकडून एक वाफा करून घेतला. त्यात नाणं, खिळा, बैलाची पत्री असं काय काय वेगवेगळ्या खोलीवर पुरलं आणि कॉइल जमिनीला घासून, सावकाश, शेजारच्या पट्ट्यावर चढवत फिरवायला लावलं. मी झाडूसारखी सपासप फिरवली की पाठीमागून, "पळतोस कशाला, बस चुकणारंय का?"

घाईनंतरचा दुसरा शत्रू वरून आला. विजेच्या तारांखाली मशीन कण्हायचं. मग ध्यानात आलं, की शेतीची थ्री फेज गेली की हेडफोन एकदम स्वच्छ. तेव्हापासून लोडशेडिंगचं वेळापत्रक मी आनंदानं वाचू लागलो. तालुक्यात असा माणूस मी एकटाच असेन.

आणि रानानं काय दिलं? बैलांच्या पत्र्या, नांगराचे झिजलेले फाळ, खुरप्याचं पातं, रोटाव्हेटरच्या पात्यांचे तुकडे, ट्रॅक्टरच्या पिना, बैलगाडीच्या चाकाच्या धावेचा वाकडा तुकडा. मोटेचं लोखंडी कडं निघालं, तेव्हा वडील बांधावर बसले आणि आजोबांचे बैल, त्यांची नावं, धावेवरून मागं सरकताना त्यांना घातलेल्या हाका, असं सगळं बोलत राहिले. मी तोपर्यंत त्यांच्या तोंडून यातलं काही ऐकलेलं नव्हतं. पाझर तलावाच्या अंगाला छिन्नी, घमेल्याचे काठ आणि पहारेचं तुटलेलं टोक निघालं. बाहत्तरच्या दुष्काळात तिथं खडी फोडायचं काम होतं. आई त्यावर होती, सुकडी खाऊन. तिनं ती छिन्नी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "माझी नाय. माझी लहान व्हती." मामा मला घरातल्या या गोष्टी देत होते, की फक्त मशीन शिकवत होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

खरी परीक्षा पुढं आली. मशीनची बातमी फुटली आणि रात्री-अपरात्री माणसं यायला लागली. कुणाच्या पडक्या वाड्यात हंडा, कुणाच्या स्वप्नात देवी. आमच्या आसपास अशा स्वप्नांना खतपाणीही भरपूर. शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्डा, जिथं 1795 साली मराठ्यांनी निजामाला हरवलं. श्रीगोंद्याकडे भीमेकाठी पेडगावचा बहादूरगड. मलाही एकदा खर्ड्याच्या मैदानात तोफगोळा शोधायला जायची हुक्की आली.

मामांनी मला ओसरीवर बसवलं. आधी कायदा: 1878 चा निखात निधी अधिनियम, दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. मग 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा, कारण हंड्याच्या मागोमाग मांत्रिक येतो आणि कधीकधी बळीची गोष्ट निघते. शेवटी दायमाबाद. आपल्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी, 1974 साली, झाडाचं मूळ खणताना एका भिल्ल माणसाला काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस सापडली. मिळून साठ किलोंहून जास्त. देशभर नाव झालं. "पण ती नेमकी कुठल्या थरात व्हती, त्याची नोंद राहिली नाय," मामा म्हणाले, "म्हणून ती कुठल्या काळातली यावर शहाणी माणसं अजून भांडत्यात. उचललं की जागा गेली. सुरुंगाला हे लागू नाय. तो उचललाच पाहिजे." खर्ड्याला मी गेलो नाही.

त्यांनी काम दिलं ते निराळं. डांबराखाली गाडल्या गेलेल्या नळयोजनेचा व्हॉल्व्ह शोधणं. वखारीत लिंबाच्या ओंडक्यात रुतलेला खिळा, करवतीचं पातं तुटायच्या आधी. गायीच्या पोटात तार गेल्याचा संशय असेल तर मशीन फिरवून जनावरांच्या डॉक्टरांना सांगणं. तिथंही मामांची ताकीद, की आवाज आला म्हणजे आजार ठरला नाही. धडधाकट गायीच्या पोटातही खिळे सापडतात. निदान डॉक्टरांचं. या कामांचे पैसे शेतकऱ्याकडून घ्यायचे नाहीत, असं काही त्यांनी म्हटलं नव्हतं. मला घेववत नाहीत, एवढंच.

मामांचं देणं फेडायचा मी एक प्रयत्न केला. त्यांच्या विहिरीवरची मोटार जळाली, ती फुकट बांधून दिली. आठवड्यानं त्यांच्या नातवानं दुकानात पाकीट आणून दिलं, पुरे पैसे.

मामा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मामींचा निरोप आला. खळ्यात धान्य उफणताना नथीतला मोत्याचा फासा पडला होता, बारीक सोन्याच्या तारेचा. मी मशीन घेऊन धावलो. अखेर एक काम त्यांच्यासाठी. सबंध खळं फिरलो. पण इतक्या बारीक तारेतले प्रवाह मशीन ऐकायला लागायच्या आत विरून जातात. ऐकण्याची वेळ जितकी अलीकडे आणता येईल तितकी आणली, तरी काही नाही. मामी तोवर भुशाच्या ढिगाशी चाळणी घेऊन बसल्या होत्या, आणि माझी बॅटरी संपायच्या आधी त्यांनी फासा चिमटीत धरून मला दाखवला.

"तुझं मामा असतं ना," त्या म्हणाल्या, "तर आधी चाळणीच घिऊन आलं असतं."