ओटला कुणाला द्यायचा?

कॉम्प्युटर हळू चालायला लागला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आता नवीन घ्या." आमच्याकडेही तेच झालं. सराफ्यामागच्या गल्लीत आमचं जुनं घर आहे. दुसऱ्या मजल्यावर माझ्या सासऱ्यांची, म्हणजे नानांची खोली आणि खिडकीशी दहा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप. नाना आता ८१ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं त्यांनी सराफ्यातल्या एका पेढीवर हिशेब लिहिले. गुडघ्यांमुळे जिने उतरणं बंद झालं, तेव्हापासून पुण्याचं वर्तमानपत्र, सोन्याचा भाव, मंडळाचा अंक, नातवंडांचे फोटो, सगळं त्या पडद्यावरच.

गेल्या हिवाळ्यात ते तिथे बसेनासे झाले. विचारलं तर म्हणाले, "अगं, पान उघडेपर्यंत माझा चहा गार होतो." माझा मुलगा म्हणाला, आजोबांना टॅबलेट घेऊन देऊ. पण नानांच्या एका डोळ्याची नजर अधू आहे. त्यांना मोठा पडदा लागतो आणि बोटांना सवयीचा कीबोर्ड.

याहून काळजीची गोष्ट सासूबाईंनी सांगितली. पडद्याच्या कोपऱ्यात रोज चिठ्ठ्या उगवत होत्या, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा.' नानांनी एकदा अर्धा नंबर फिरवलाही होता. सासूबाईंनी "कुणाला फोन लावताय?" असं विचारलं म्हणून थांबले. पेन्शनचं खातं ते याच कॉम्प्युटरवर बघतात. तेव्हा प्रश्न नुसता वेगाचा नव्हता.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. एका रविवारी नानांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. माउस मात्र त्यांच्याच हातात ठेवला.

सगळ्यात आधी हजेरी घेतली. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप ही दोन बटणं एकत्र दाबली की कोणतं पान आणि कोणतं एक्स्टेन्शन किती मेमरी खातंय, याची यादी समोर येते. नानांच्या यादीत २३ टॅब उघडे आणि ९ एक्स्टेन्शन. त्यातलं एक हवामान सांगणारं, एक कूपनं शोधणारं, दोन पीडीएफची. हे कुणी बसवलं, नानांना आठवेना. बहुतेक एखाद्या पानावर 'पुढे जाण्यासाठी इथे दाबा' असं आलं असेल आणि दाबलं गेलं असेल.

टॅब जास्त झाले की जड का होतं, हेही त्यांना सांगितलं. २००८ साली क्रोम आला, तेव्हा गुगलने स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराकडून त्याची माहिती देणारी चित्रकथा काढून घेतली होती. प्रत्येक टॅबला आपली वेगळी खोली, म्हणजे एक कोसळला तरी बाकीचे उभे राहतात, असं त्यात समजावलं होतं. सोय उत्तम, पण प्रत्येक खोलीचं भाडं मेमरीत द्यावं लागतं. नानांच्या कॉम्प्युटरची मेमरी सगळी मिळून ४ जीबी.

यादी बघून नाना म्हणाले, "म्हणजे पेढीच्या ओटल्यावर न विचारता कुणीही शेगडी मांडून बसलंय."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार. रात्री दुकानांची शटर खाली आली की त्याच ओट्यांवर, आमच्या इंदुरी बोलीत ओटल्यांवर, खाण्याची दुकानं लागतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडे, मावाबाटी, थंडीत गराडू. मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. पण ही मांडणी ठरलेली असते. कोणत्या ओटल्यावर कोण बसणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ब्राउझरमध्येही हेच करायचं, हे नानांनी माझ्याआधी ओळखलं.

मग एकेक ओटला रिकामा केला. पहिल्यांदा त्या चिठ्ठ्या. त्या व्हायरसच्या नव्हत्याच. कधीतरी एखाद्या साइटने 'सूचना पाठवू का?' असं विचारलं आणि 'अलाऊ' दाबलं गेलं, एवढंच. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या भागात नोटिफिकेशन्स असतं. तिथे परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी सापडली. सगळ्या काढल्या आणि यापुढे कुणी विचारूच नये, असाही पर्याय निवडला. त्या क्षणापासून चिठ्ठ्या बंद.

मग एक्स्टेन्शन. ती बसवताना 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी पुष्कळदा मागितली जाते. त्यात बँकेचं पानही आलं, हे सांगितल्यावर नानांनी नऊच्या नऊ स्वतःच्या हाताने काढली.

टॅबसाठी त्यांना बुकमार्कची पट्टी लावून दिली. कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबलं की ती दिसते. तिच्यावर मराठीत नावं घातली: पेपर, भाव, अंक, बँक. एका दाबात पान उघडतं म्हटल्यावर ते उघडं ठेवायची गरज उरली नाही. आणि चुकून काही बंद झालंच, तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबलं की परत येतं. हे कळल्यापासून टॅब बंद करायची त्यांची भीती गेली.

नानांच्या मित्रांनी व्हॉट्सॲपवर दिलेले सल्लेही तपासले. एक होता, 'कॅशे रोज साफ करा.' कॅशे म्हणजे पानांची चित्रं वगैरे आपल्याच डिस्कवर साठवून ठेवलेली, म्हणजे पुन्हा आणावी लागू नयेत. ती रोज पुसणं म्हणजे कोठीतला किराणा रोज टाकून देऊन रोज बाजारात जाणं. पान बिघडलेलं दिसत असेल तेव्हा पुसावी, एरवी नाही. दुसरा सल्ला फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जमध्ये 'पाइपलायनिंग' सुरू करण्याचा. तो २००४-०५ च्या काळातला, डायल-अपच्या दिवसांतला. ती सोय फायरफॉक्समधून २०१७ मध्येच काढून टाकली आहे. नाना म्हणाले, "म्हणजे जुन्या भावाने आजचा सौदा."

शेवटी नानांना फायरफॉक्सवरच आणलं. त्याचा जन्मच आमच्यासारख्या तक्रारीतून झाला आहे. मोझिलाच्या त्या वेळच्या ब्राउझरमध्ये मेल, पानं बनवायचं साधन, असं सगळं एकत्र कोंबलेलं होतं. डेव्ह हायट आणि ब्लेक रॉस या दोघांनी त्यातला नुसता ब्राउझर वेगळा काढला. २००२ मध्ये तो फिनिक्स नावाने आला, पुढे फायरबर्ड झाला आणि ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्स १.० म्हणून जाहीर झाला. क्रोममधले बुकमार्क त्यात आपोआप आणता येतात, त्यामुळे नानांची पट्टी तशीच राहिली.

एकच एक्स्टेन्शन बसवलं, जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. रेमंड हिल यांनी ते २०१४ मध्ये आणलं. ते फुकट आहे आणि हिल त्यासाठी देणगीही घेत नाहीत. पानं लगेच हलकी झाली, कारण पुष्कळ पानांवर बातमीपेक्षा जाहिरातींचा भार जास्त असतो. पण इथे नानांनी मला अडवलं. "पेपर मी फुकट वाचतो. त्यांचं पोट जाहिरातींवर आहे ना? मग त्यांचा ओटला राहू दे." हिशेबनीस माणूस, नोंद दोन्ही बाजूंना करणारच. त्या एका पेपरसाठी आम्ही अडवणं बंद ठेवलं. तो थोडा सावकाश उघडतो, नानांची हरकत नाही.

वेगाइतकाच फरक अक्षरांनी पडला. फायरफॉक्सच्या फॉन्टच्या सेटिंग्जमध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि अक्षराचा किमान आकार ठरवता येतो. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट मोफत मिळतो, तो बसवून आकार वाढवला. लांब लेख असला की एफ-९ दाबायचं. आजूबाजूचं सगळं जाऊन फक्त मजकूर राहतो, मोठ्या अक्षरात. नानांनी मंडळाच्या अंकातला एक लेख तसा उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. मध्ये चष्मा पुसायलाही थांबले नाहीत. सासूबाई दारातून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत.

नवीन कॉम्प्युटर घेतला नाही. एवढ्याने सगळंच सुधारतं असं नाही. हार्ड डिस्क जुनी असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने मोठा फरक पडतो, ते आम्ही यंदा करणार आहोत. पण रविवारच्या त्या दोन तासांत पैसा खर्च झाला नाही आणि नाना परत खिडकीशी बसायला लागले. आता कोणत्याही पानाने काही परवानगी मागितली की ते मोठ्याने 'नाही' म्हणतात आणि मग दाबतात. परवा देवासच्या आत्याबाईंना फोनवर सगळं समजावून सांगत होते, माझ्यापेक्षा सोपं करून.

मंडळी, सुटीत घरी जाल तेव्हा आईवडिलांच्या कॉम्प्युटरसमोर तासभर बसा. आधी नोटिफिकेशन्सची यादी बघा, मग एक्स्टेन्शन, मग अक्षरांचा आकार. काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे त्यांना विचारा. आणि माउस त्यांच्या हातात राहू द्या, म्हणजे पुढच्या वेळी ते तुमची वाट बघत बसणार नाहीत.